नाव ठेवायला जागा नको

"एकानं जरी नाव ठेवलं ना," राष्ट्राध्यक्ष म्हणाले, "तर नव्या वर्षात तुम्ही नवी नोकरी शोधा."

प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी मान डोलावली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष टीव्हीवरून देशाला शुभेच्छा देत आणि त्या शुभेच्छांचा सगळा सरंजाम अधिकाऱ्यांच्या गळ्यात असे. गेल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेनं सोनेरी खुर्ची आणि छताला टेकणारं झाड मांडलं होतं. लोकांनी शुभेच्छा ऐकल्याच नाहीत, खुर्चीचीच चर्चा करत बसले. यंदाचं वर्ष तर विचारायलाच नको. कारखान्यांना टाळं लागलं, भाव आकाशाला भिडले, घरोघरी आजारपण शिरलं. अशा वेळी शुभेच्छा द्यायच्या म्हणजे पोळलेल्या हातावर अत्तर शिंपडायचं.

त्या रात्री अधिकारी खाली मान घालून जेवत होते. समोर सासूबाई होत्या. त्या बराच वेळ भाजी चघळत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे. पण सगळीकडे सारखं नाही."

अधिकाऱ्यांचा घास हातातच राहिला. बारा वर्षं ज्या गुणापायी त्यांची झोप उडाली होती, त्याची देशाला एवढी गरज पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आई, उद्या माझ्याबरोबर राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर याल?"

"मी? आणि तिथं काय करू?"

"नावं ठेवा."

"अहो!" बायको पाणी देता देता थबकली. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली.

"झाड कुणासाठी? लोकांच्या घरी चूल पेटेना, अन् इथं झाडावर दिवे."

झाड बाहेर गेलं. मागोमाग गालिचा गेला, कारण "एवढ्यात चार घरांची पांघरुणं निघाली असती." मग तसबिरी गेल्या. त्यातल्या माजी राष्ट्राध्यक्षांची पोटं सुटलेली होती. पडदे काढले तर मागची भिंत पोपडे धरलेली निघाली. अधिकारी पडदे परत लावायला धावले.

"राहू दे, जावईबापू. गरीब दिसतं. बरंय ते."

"आणि खुर्ची?"

"पाठ टेकायला हवी कशाला? लोक रांगेत उभे आहेत. स्टूल आणा."

दिव्यांवरून वीजबिलाचा विषय निघाला आणि एकच बल्ब उरला. राष्ट्राध्यक्ष स्टुलावर येऊन बसले. सासूबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. कोट उतरला. टाय उतरला. केस फार चोपून बसवलेत म्हणून ते विस्कटण्यात आले.

"आता भाषण म्हणून दाखवा."

"माझ्या प्रिय देशबांधवांनो," राष्ट्राध्यक्षांनी हसून सुरुवात केली.

"हसता कशाला? काय चांगलं झालंय?"

राष्ट्राध्यक्ष गंभीर झाले. "येणारं वर्ष सुखाचं जाईल..."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

ते वाक्य कापलं. सरकारनं केलेल्या कामांचा परिच्छेद ऐकून तर त्या नुसत्याच 'हं' म्हणाल्या. तो अधिकाऱ्यांनी स्वतःहून कापला. शेवटी जे उरलं ते कॅमेऱ्यात घेतलं. त्यात नाव ठेवायला तसूभर जागा नव्हती. अधिकारी वर्षभरात प्रथमच शीळ घालत घरी गेले.

संध्याकाळी साऱ्या देशानं टीव्ही लावला. पोपडे आलेल्या भिंतीपुढे, एका बल्बखाली, विस्कटलेल्या केसांचे राष्ट्राध्यक्ष नुसत्या शर्टात स्टुलावर बसले होते. कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी भेदरून पाहत ते म्हणाले, "नाताळच्या शुभेच्छा. वर्ष कठीण गेलं. मी ठीक आहे. तुम्हीही सांभाळून राहा."

आणि पडदा काळा झाला.

घरी टीव्हीसमोर बसलेली अधिकाऱ्यांची बायको हळूच म्हणाली, "अहो, यांना कुणी पकडून ठेवलंय का?"

तेवढ्यात फोन वाजला. राष्ट्राध्यक्ष ओरडत होते. "सेनापतींचा फोन आला होता मला! विचारतात, 'साहेब, खोलीत एकटे आहात का? नुसतं हो किंवा नाही म्हणा.' मी म्हटलं, अहो, मी अगदी ठीक आहे! तर म्हणतात, 'असंच म्हणायला लावलंय का त्यांनी?' आता बंगल्याला रणगाड्यांनी वेढा घातलाय. मला सोडवायला! मी गच्चीवर जाऊन हात हलवला तर खालचे म्हणतात, धीर धरा! उद्या सकाळी राजीनामा घेऊन या. तुमचा!"

अधिकाऱ्यांनी फोन ठेवला. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. जरा भकासच दिसत होतं."

सकाळी राजीनामा खिशात घालून अधिकारी बंगल्यापाशी आले तर रस्ता माणसांनी फुललेला. कुणी खुर्ची आणली होती, कुणी पांघरूण, कुणी स्वतःचा जुना स्वेटर. विरोधी पक्षनेते घसा ताणून सांगत होते, "मतभेद आमचे आहेतच, पण माणसाला पाठ टेकायला तरी द्या!" फाटकाशी एक म्हातारी रणगाड्यावरच्या शिपायाला झापत होती. "आधी सोड त्याला. मग मी त्याला काय ते ऐकवते. वर्षभराचं साठलंय!"

अधिकारी वाट काढत आत गेले. राष्ट्राध्यक्ष खिडकीत उभे होते. अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर होता. अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतलाच नाही.

"मला वाटायचं, मी गेलो तर लोक मिठाई वाटतील," ते म्हणाले. "आणि बघा, स्वेटर घेऊन आलेत. इतक्या वर्षांत माझ्या एकाही भाषणानं हे झालं नव्हतं. कुणाचं डोकं हे?"

खोटं बोलायची संधी अगदी ताटात वाढून आली होती. पण अधिकारी भित्रे होते, आणि भित्र्या माणसाला आयत्या वेळी खोटं सुचत नाही.

"सासूबाईंचं, साहेब."

"फाडा तो राजीनामा. आणि त्यांना बोलवा. आजपासून त्या आपल्या सल्लागार. बसतील तुमच्याच खोलीत."

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सासूबाई कामावर हजर झाल्या. अधिकाऱ्यांनी उठून दार उघडलं, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. त्या खुर्चीत टेकल्या. छताकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, खिडकीच्या काचेवर बोट फिरवून पाहिलं.

"खोली तशी छान आहे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "फक्त जरा भरल्यासारखी वाटते."

आणि त्यांची नजर सावकाश फिरत फिरत अधिकाऱ्यांवर येऊन थांबली.