हरण्याची पदवी

भाद्रपदातल्या पोळ्याच्या दिवशी जेवण उरकून सुगनचंद शेठनी माडीवरची पेटी उघडली आणि पाहतात तो काय! पेटी रिकामी होती.

शेठ मंचरच्या पेठेतले कांद्याबटाट्याचे व्यापारी. गाड्याच्या गाड्या कांदा विकतील, पण कांद्याची पात कधी त्यांच्या उंबरठ्याआत आली नव्हती. घर पक्कं जैन, आणि त्यांच्या पत्नी धापूबाई येऊ देतील तर ना! असे हे शेठ पुण्याच्या लष्कर भागातल्या लॉजात, म्हणजे फ्रीमेसन मंडळीत, सामील झाले होते. तिथे पायऱ्या असतात, शपथा असतात, आणि आणखी काय असतं ते कुणाला सांगायचं नसतं. शेठ इमानाने पायऱ्या चढत बरेच वर पोचले होते. आता दोनच दिवसांनी त्यांना मोठी पदवी मिळायची होती. त्या पदवीचा एप्रन त्यांनी हौसेने आधीच शिवून आणला होता. निळी किनार, सोनेरी झालर, मधोमध जरीचा डोळा, आणि खाली गवंड्याचा गुण्या नि कर्कटक. दार लावून ते तो कमरेला बांधत आणि पोट आत ओढून आरशापुढे उभे राहत.

घोर एकच होता. एप्रन कोकराच्या कातड्याचा होता. पांढरं कोकरू म्हणजे निष्पापपणा, असा त्याचा अर्थ. पण हा अर्थ धापूबाईंच्या गळी उतरवण्याची शेठची छाती नव्हती. कळलं असतं तर बाईंनी त्यांचं ताट जन्मभर पडवीत मांडलं असतं. म्हणून त्यांनी "विलायती रेशीम आहे" असं ठोकून दिलं होतं.

"अगं, पेटीतलं काय झालं?" शेठ जिन्यातूनच ओरडले.

"ते झालरीचं होय? हौशीराम आला होता सकाळी, महाळुंग्याचा. त्याच्या हरण्याला बाशिंग नव्हतं. दिलं."

"बैलाला?"

"सणासुदीचं रिकाम्या हाती कसं पाठवायचं? आणि तुमच्या तरी काय कामाचं होतं ते?"

काय कामाचं, तेच तर सांगायची चोरी! शेठनी पगडी डोक्यावर ठेवली आणि महाळुंगे पडवळची वाट धरली. पायीच. पोळ्याच्या दिवशी बैलगाडी कोण जुंपणार?

गावात मारुतीपुढे तोरण बांधलं होतं. त्याखालून पहिला बैल पाटलांचा जायचा, हा बापजाद्यांपासूनचा मान. पण आज सगळा गाव हौशीरामच्या हरण्याभोवती गोळा झाला होता. शिंगांच्या मधोमध जरीचा डोळा चमकत होता, आणि हरण्याने मान हलवली की झालर नाचत होती.

"या शेठ!" हौशीराम आनंदाने म्हणाला. "बाशिंग लई झ्याक हाय बगा. ह्यो डोळा कशापायी वो?"

"तो... वरून सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्याचा," शेठ चाचरत म्हणाले. "हौशीराम, दुसरं देतो तुला. हे सोड."

"का वो?"

"अरे, हे मोठ्या मानाचं असतं. खालच्या पायरीवरच्याला घालता येत नाही!"

बोलून गेल्यावर शेठनी जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"आयकलं का रं? मोठ्या मानाचं हाय!" हौशीराम गरजला. "मंग आज म्होरं हरण्याच जानार!"

"कसा जातोय बगतो!" सावळेराम पाटील मिशीवर हात फिरवत पुढे आले. "नजर ठेवणारा म्हंजी पाटील. बाशिंग आमच्या बैलाला बांधा. आन शेठ, ह्यो कर्कटक कशाचा?"

"माणसानं मर्यादेत राहावं, म्हणून असतो तो."

"मला म्हंता व्हय?" पाटील तापले आणि त्यांनी झालरीला हात घातला. हौशीरामने दुसरं टोक धरलं. मधे शेठ, "फाटेल, फाटेल!" करत दोघांच्या पाया पडायचे तेवढे राहिले. तेवढ्यात ताशा कडाडला. हरण्या बिथरला, तिघांनाही झुगारून तोरणाखालून एकटाच सुसाट गेला, आणि थेट ओढ्याच्या चिखलात जाऊन बसला.

"देवानंच मान दिला!" गाव ओरडला. पाटलांनीसुद्धा हात जोडले.

चिखलातून शेठनी जे उचललं ते बांधून परवा पुण्याला जाणं शक्यच नव्हतं. उपरण्याखाली लपवून, धापा टाकत ते घरी आले, तर धापूबाई दारातच उभ्या.

"थांबा. ते चामडं बाहेरच ठेवा."

शेठनी ते ओट्याखाली ठेवलं. "तुला... कधी कळलं?"

"श्रावणातच. पेटी उघडली नि भपकारा आला. रेशमाला असा वास येतो होय? मी म्हटलं, संवत्सरीला सांगाल. त्या दिवशी तुम्ही हात जोडून अख्ख्या पेठेची क्षमा मागितलीत, माझीही मागितलीत, पण ह्याचं काही तोंडातून निघेना. मग म्हटलं, जनावराचं आहे, जनावराच्याच अंगावर जाऊ दे."

शेठना फार लाज वाटली. त्यांनी तिथेच, ओट्याखाली, हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्. चुकलो, क्षमा कर."

"मला काय म्हणता? त्या कोकराला म्हणा."

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. पेठेत कुणी नव्हतं. मग ते खरोखरच त्या चिखलाच्या गोळ्यापुढे वाकले. जरीचा डोळा एवढा चिखलातून वर आला होता आणि त्यांच्याकडेच बघत होता. लॉजात ते इतक्या मनापासून कधी वाकले नव्हते.

"झालं का?" आतून धापूबाईंची हाक आली. "हातपाय धुवा लवकर, दिवस मावळतोय. ताट आतच मांडलंय."