अनुमोदनाअभावी

बर्फ एवढा पडला की गावच्या मंडळाची बैठकच रद्द झाली, आणि हे आर्मंडला सभागृहात पोहोचल्यावर कळलं. व्हरमाँटमधल्या त्या गावाची केबल वाहिनी म्हणजे एक कॅमेरा आणि तो सांभाळणारा आर्मंड. त्याने ‘बैठक रद्द’ ही पाटी पडद्यावर लावली, निदान लावली असं त्याला वाटलं, आणि सँडविच काढलं. रस्ता मोकळा होईपर्यंत घरी जाता येणार नव्हतं. घरी वाट बघणारंही कोणी नव्हतं. बायको अडेल गेल्यापासूनचा हा तिसरा हिवाळा.

सँडविच संपलं, वेळ काही संपेना. आर्मंड सरळ अध्यक्षांच्या, म्हणजे लॉइडच्या, खुर्चीत जाऊन बसला. लॉइडसारखा घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, थोडक्यात सांगतो," आणि बराच वेळ थांबलाच नाही. मग तो मंडळाच्या सदस्य ओपलबाईंच्या खुर्चीत गेला. या बाईंनी अग्निशमन दलाचे आभार मानायलाही हरकत घेतली होती.

"माझा विरोध आहे. कशाला ते मागाहून सांगेन."

त्याला हसू आलं. पण सोबत हसायला कोणी नाही म्हटल्यावर तेही आटलं. मग तो उभा राहिला.

"ठराव मांडतो. रविवारी कोणीतरी आर्मंडकडे जेवायला यावं. बीन्स तो बरे करतो." त्याने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "अनुमोदन? कोणाचंच नाही? अनुमोदनाअभावी ठराव बारगळला." त्याने अध्यक्षांचा हातोडा टेबलावर आपटला.

तेवढ्यात सभागृहातला फोन वाजला. लॉइड होता.

"आर्मंड, अरे, तू टीव्हीवर दिसतोयस."

"आपली वाहिनी बघतंय कोण?"

"एरवी कोणी नाही. आज सगळं गाव घरात अडकलंय. तू माझी नक्कल परत करावीस म्हणून माझी बायको मागे लागलीय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं आर्मंडला झालं. पाटीचं बटण दाबायचंच राहिलं होतं. ते दाबतोय तोच फोन पुन्हा वाजला.

"ओपल बोलतेय."

"बाई, चुकलं माझं. ती नक्कल..."

"ते सोड. तुझ्या ठरावाला माझा विरोध आहे."

"तो बारगळला ना," आर्मंड म्हणाला.

"रविवार फार लांब आहे. एवढे दिवस एकटीने काढायचे म्हणजे मलाही जड जातं. उद्या रस्ता मोकळा झाला की येते. बीन्स मऊ शिजव. दात नवे आहेत, अजून सवय नाही झाली."