तिसरे कडवे प्रक्षिप्त

अनीशच्या फाटकावर कौन्सिलची सूचना लागली आणि त्याच दिवसापासून घरात पद्माकरपंतांच्या वाणीवर संचारबंदी आली. माडीवर एक खोली वाढवायची होती, आणि पाच आठवड्यांच्या आत कोणताही शेजारी तिला हरकत घेऊ शकत होता.

"बाबा, पाच आठवडे कुणाचं काहीही चुकलं तरी बोलायचं नाही," सुनेने, मुक्ताने, हात जोडून बजावले. "खोली तुमच्यासाठीच आहे."

खोली पंतांना हवीच होती. मार्चमध्ये ते दोन महिन्यांसाठी म्हणून लेकाकडे, आयर्लंडमधील क्लोनडॉकिनला, आले, विमाने बंद झाली, आणि ऑगस्ट उजाडला तरी दिवाणखान्यातील सोफ्यावरच निजत होते. त्याच दिवाणखान्यात मुक्ताचे ऑफिस भरे. तिच्या साहेबांनी पडद्यावर पंतांना पंचा वाळत घालताना तीनदा पाहिले होते, आणि तिन्ही वेळा अदबीने नमस्कार केला होता.

परंतु विद्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पंतांची पस्तीस वर्षे पुण्यात जुन्या पोथ्या ताडून पाठभेद नोंदवण्यात गेली होती. अशात शेजारच्या डर्मटने गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गीत टाकले. शनिवारी सायंकाळी सहा वाजता परिचारिकांच्या सन्मानार्थ सर्वांनी आपापल्या दारात उभे राहून ते गायचे होते. साठच्या दशकातील रॉक गीत. ज्याने गव्हाची पोती वाहिली त्याच्याच ताटात भाकर का नाही, असा त्याचा खडा सवाल. एखादे सुभाषित आवडावे तसे ते पंतांना आवडले. आणि आवडलेल्या वस्तूची प्रत शुद्ध आहे की नाही, हे पाहिल्यावाचून त्यांना घास गोड लागत नसे.

त्यांनी मोबाइलवर त्या गीताच्या अकरा प्रती ऐकल्या. मूळ गायकांची, एका बाईंनी रडत रडत म्हटलेली, नाचाच्या तालावरची, चर्चमधील मुलांची, नुसत्या बासरीवरची. बासरीची प्रत त्यांनी नाइलाजाने बाद केली. उरलेल्या दहांत डर्मटने दिलेले तिसरे कडवे कोठेही नव्हते. शुक्रवारी सकाळी पंतांनी आपला निष्कर्ष शुद्ध इंग्रजीत ग्रुपवर प्रसिद्ध केला:

"तिसरे कडवे प्रक्षिप्त आहे. मागाहून कोणीतरी घुसडले आहे. भुकेल्या श्रमिकांच्या गीतात अकस्मात एका मुलीच्या सायकलची साखळी तुटते, हे विषयाशी विसंगत होय. कर्त्याने मद्यप्राशन केलेले असावे."

बत्तीस घरांनी ते वाचले. दहा मिनिटांनी कुंपणापलीकडे डर्मटचे डोके उगवले.

"पॅडी," तो म्हणाला. पद्माकर हे नाव त्याने पहिल्याच दिवशी असे आटोपते घेतले होते. "ते कडवं माझं आहे. चौऱ्याहत्तर साली, आमच्या लग्नात गायला म्हणून लिहिलं. सायकल ब्रीडाची. साखळी मी बसवून दिली, तिथनंच सगळं सुरू झालं."

"आणि मद्य?" पंतांनी संशोधकाच्या निरागसतेने विचारले.

"तो मुद्दाच नाही!" डर्मट लालबुंद झाला. "उद्या तुमच्या शास्त्राप्रमाणेच गाऊ. आणि सोमवारी मी कौन्सिलला पत्र लिहिणार."

घरात अनीशने डोक्याला हात लावला. "बाबा, अहो सॉरी म्हणून टाका ना! इतका ग्रँड माणूस तो!"

"प्रक्षिप्त ते प्रक्षिप्तच. खोट्या पाठाला मी खरा म्हणणार नाही."

"मग सोफाच खरा, बाबा," मुक्ता म्हणाली.

शनिवारी सहाला डर्मटने गिटार छेडली. दोन कडवी झाली, ध्रुपद गल्लीने उचलले. तिसऱ्या कडव्याची जागा आली आणि डर्मटने तोंड मिटले. बोटे चालू, शब्द नाहीत. "इथलं संशोधकांनी गाळलंय," तो माइकमध्ये म्हणाला. त्याच्या शेजारी खुर्चीत बसलेल्या ब्रीडाने मान खाली घातली.

पंतांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांना ती रिकामी जागा ऐकू येऊ लागली. पोथीत वाळवीने खाल्लेली ओळ दिसली की त्यांचा जीव कासावीस होई. येथे तर अख्खे कडवे गेले होते. त्यांनी खांद्यावरचे उपरणे सावरले आणि खणखणीत आवाजात ते कडवे संस्कृत करून गिटारीवर चढवले:

"द्विचक्रीशृंखला छिन्ना कथं यास्यसि सुंदरि!"

पुन्हा एकदा म्हटले. तिसऱ्यांदा गल्लीच म्हणाली.

"बाबा! सुंदरि?" मुक्ता पुटपुटली.

"वृत्तात तेच बसत होते," पंत खाली पाहत म्हणाले.

"अर्थ काय त्याचा?" ब्रीडाने ओरडून विचारले.

"सायकलची साखळी तुटली, हे सुंदरी, आता तू घरी कशी जाणार?" मुक्ताने सांगून टाकले.

ब्रीडा सत्तरीत लाजली. डर्मटने गिटार खाली ठेवली. "पॅडी, किती घेतली होतीस?"

"चहा. अर्धा कप."

सोमवारी डर्मटचे पत्र कौन्सिलच्या संकेतस्थळावर झळकले. अनीशने ते एक डोळा मिटून वाचायला घेतले. हरकत होतीच. नकाशात नव्या खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूस दाखवली आहे, हे शेजाऱ्यांना मान्य नाही; ती आमच्या अंगणाकडे असावी, म्हणजे आतला माणूस गाऊ लागला तर ब्रीडाला ऐकू येईल.

त्या दुपारी पंतांनी सोफ्यावर बसून आपली वही उघडली आणि तिसऱ्या कडव्याखाली टीप लिहिली: "प्रक्षिप्त. कर्ते दोन. पहिला लग्नाच्या गडबडीत होता. दुसरा पूर्ण शुद्धीवर होता. त्यास क्षमा नाही."