सुभेदारांचे वीस पैसे

सुभेदारांचं पितळी वीस पैशांचं नाणं मी चिंच लावून घासलं. वर रांगोळीचा हातही फिरवला. तेव्हा मी नुकतीच साठी गाठलेली कोवळी पोर होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती.

सुभेदार म्हणजे साताऱ्यातले आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त. आवाज परेडच्या मैदानाचा, राग कायम नाकावर. वाण्यानं सुटे दिले की भर रांगेत एकेक नाणं उलटून बघायचे. मागचा छाप वाकडा आहे का, अक्षर दोनदा उमटलंय का. सगळं जागच्या जागी निघालं की वैतागायचे. टाकसाळीची चूक सापडली की मात्र चेहरा खुलायचा. "छापणारा झोपला व्हता." मागच्या कुणी खोटं नाणं म्हटलं तर त्याची धडगत नसे. "खोटं न्हाई, चुकल्यालं हाय. फरक कळतो का?"

त्या वीस पैशांवरचा छाप कडेला घसरलेला, अर्धी बाजू कोरी. सांगलीच्या नाण्यांच्या प्रदर्शनात ते मांडायचं म्हणून सुभेदार वर्षभर झुरत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना नाणं माझ्याकडे ठेवलं. मला वाटलं, चारचौघांत जायचंय, तर असं काळंमिचकूट कसं पाठवायचं? समईसारखं लखलखीत केलं.

घरी येऊन त्यांनी ते पाहिलं आणि असे कडाडले की गल्लीतली कुत्री गप्प झाली. जुन्या नाण्याचा काळपटपणा कधी घालवायचा नसतो म्हणे. घासलं की मातीमोल. चूक माझी, पण बाईमाणसावर इतकं ओरडायचं? मीही पेटले. तरी नाणं मांडायचा त्यांचा हट्ट सुटेना. डोळ्याला पट्टी, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून त्यांना सांगलीला मीच घेऊन गेले. एसटीत दोघंही तोंडं फिरवून बसलो.

तिथल्या तपासनिसानं नाणं भिंगाखाली धरलं आणि बाजूला सारलं. मांडता येणार नाही. कुठल्या येड्यानं घासलं हे, असंही वर विचारलं. मी तोंड उघडणार, तोच सुभेदार गरजले, "मी घासलं. काय म्हणणं हाय?"

स्टँडवर चहा पिताना मी विचारलं, माझा गुन्हा स्वतःवर कशाला घेतलात? ते कपाकडे बघत खेकसले.

"आवं वैनी, आमची मंडळी गेल्यापास्नं माज्या घरातली एक वस्तू कुणी घासून दिली न्हाई. आन् त्या टिकोजीरावाला तुमास्नी येडं म्हणू देऊ व्हय?"