नजरचुकीने राहून गेलेले नाव

माणूस जेवणाशिवाय दोन दिवस काढू शकतो, पण पत्रिकेत आपलं नाव नाही हे कळल्यावर त्याला अर्धा तासही दम निघत नाही. (घड्याळ लावून पाहिलेलं आहे.) रिसोडच्या बाजारातले रहमतुल्ला गेली एकतीस वर्षं याच सत्यावर छापखाना चालवत होते. लग्नपत्रिका ही त्यांची खासियत. प्रेषक, विनीत, स्वागतोत्सुक, समस्त परिवार आणि तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी, अजून बोलताही न येणारी बाळं, अशा सगळ्यांना मानाप्रमाणे बसवून मध्ये नवरा-नवरीसाठी दोन इंच जागा काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकच नाव राहून गेलं. ते नवरदेवाचं होतं, आणि त्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

अशा प्रतिष्ठित घरात त्यांच्या मुलीने, इफ्राने, कादंबरी लिहिली. वय वीस, शिक्षण मराठी शाळेत, बाकी मुलगी चांगली. कादंबरी किशोरांसाठी, अद्भुत स्वरूपाची. पंखवाला अजगर एका शहराचा आवाज गिळतो आणि मेहरू नावाची सतरा वर्षांची मुलगी तो परत आणायला निघते. हकीकत पाच जण आळीपाळीने सांगतात: ती मुलगी, एक घोडेचोर, एक आंधळी वैदीण, शहराची राणी आणि खुद्द अजगर. ज्याचं प्रकरण, त्याचं नाव वर ठळक. तीन वर्षं खपून लिहिलेल्या या कादंबरीबद्दल इफ्राची इच्छा एवढीच होती, की कोणीतरी, निदान एकाने, ती शेवटपर्यंत वाचावी. (पहिल्या पुस्तकाच्या वेळी लेखकांच्या मागण्या अशाच अवाजवी असतात.)

छापखाना घरचाच. कादंबरीची तपासायची मुद्रितं टेबलावर पडली होती. तेवढ्यात केनवडजवळच्या तांड्यावरचे भाऊसिंग मुलीची पत्रिका टाकायला आले आणि त्यांनी पानं उलटली.

"चाचा, हे पाच जन कोन होत?"

"हे सांगनारे हायेत. आळीपाळीनं सांगतात."

"मंग आमी काय मुके हाओत? आमचं नाव काहून नाही?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न ज्याने ज्याने विचारला त्याचं नाव छापलं गेलं होतं. रहमतुल्ला आत इफ्राकडे गेले.

"बेटा, एक प्रकरन दे त्याले. चार ओळी."

"अब्बा, त्या शहरात भाऊसिंग कायले जाईन?"

"लग्नात तरी सारे कायले येतात? नाव असते म्हनून येतात."

तर्क बिनतोड होता. भाऊसिंगांना प्रकरण मिळालं. संध्याकाळपर्यंत केनवडला कळलं, दुसऱ्या दिवशी रिठदला. त्यानंतर जे घडलं त्याला दुकानात 'संपादन' असं म्हणत.

संपादनाचे नियम पत्रिकेचेच होते. आधी वडीलधारे, मग जावई, कारण जावई रुसला तर पुस्तकाचं काही खरं नाही. दिवंगतांना 'कै.' लावून निवेदनाची मुभा होती. (रिठदच्या गोमतीबाईंच्या सासऱ्यांनी जिवंतपणी कधी तोंड उघडलं नव्हतं, मेल्यावर दीड पान बोलले.) अजगराचं प्रकरण सासऱ्याच्या आधी कसं, असा रास्त आक्षेप आल्यावर अजगराला 'विशेष उपस्थिती'मध्ये हलवण्यात आलं. राणीच्या जागेवर अकरा बायकांनी हक्क सांगितला, अकराही घेतल्या. घोडेचोराचे नातेवाईक व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्याला वगळलं. वैदिणीची फी ठरली नाही, म्हणून तीही गेली. शेवटी बालगोपाळांचं प्रकरण: 'आमच्या अजगराला बघायला यायचं हं!'

एकूण निवेदक एकशे चौऱ्याऐंशी. पैकी कैलासवासी बावीस, जावई एक्केचाळीस, पाळण्यातले नऊ. अजगर प्रत्यक्ष पाहिलेला: शून्य.

तरी पानं कमी पडली. काय काढावं यावर रहमतुल्लांनी अनुभवी बोट बरोबर आवाज आणायला निघालेल्या त्या मुलीच्या प्रकरणांवर ठेवलं. "हिचं इथं कोनी नाही, बेटा. हिले काढलं तं रुसनार कोन?"

रुसणारी समोरच उभी होती, पण ती घरची होती. इफ्रा कागद कापायच्या मशीनमागे बसून दुपारभर रडली. रहमतुल्लांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्यांनी दोन मामेसासरे एका पानावर दाटीने बसवले आणि लेकीला एक पान मोकळं करून दिलं. पान एकशे एकतीस. मथळ्यावर मात्र नाव टाकू नको म्हणाले. उगाच लोक विचारतील, ही कोणाची?

इफ्राने त्या एका पानात सगळी कादंबरी आणली. मुलगी अजगराच्या पोटात उतरते, आपलं नाव एकदाच सांगते, आणि म्हणते: इथवर वाचत आलेल्याने छापखान्यात येऊन हे नाव मोठ्याने घ्यावं, म्हणजे शहराला आवाज परत मिळेल.

पाचशे प्रती चार दिवसांत संपल्या. प्रकाशनाला निवृत्त शिक्षक हेमसिंग गुरुजी कादंबरीच्या वैश्विक आशयावर चाळीस मिनिटं बोलले. (आशय पान सत्तावन्नवर आहे. ते पान गुरुजींचं.) घरोघरी पुस्तक टीव्हीशेजारी उभं राहिलं, आपलं पान उघडून, वरून प्लास्टिक लावून. "लई भारी पुस्तक लिवलं पोरीनं," असं जो तो म्हणे. इफ्रा आठ महिने काउंटरवर बसली. नाव घ्यायला कोणी आलं नाही.

मग एका सोमवारी जऊळक्याचे धनराज आले. काखेत पुस्तक, बोट पानात घातलेलं.

"ताई, ते एकशे एकतीस पान हाये ना..."

इफ्रा उभी राहिली. आत रहमतुल्लांनी मशीन बंद केलं. आठ महिने ते पोरीच्या तोंडाकडे पाहत होते.

"बोला ना, भाऊ. काय लिवलं हाये त्याच्यात?" इफ्राने विचारलं.

"ते काई पाह्यलं नाही. एकशे तीसवर माह्या सासऱ्याचं हाये. त्याच्यासमोरचं हे पान बिनानावाचं रिकामं पडून राह्यलं. मले देऊन टाका ना!"

इफ्रा खाली बसली. रहमतुल्लांनी धनराजचं नाव दुसऱ्या आवृत्तीच्या यादीत लिहून घेतलं. दुसरं काय करणार?

कादंबरीतल्या त्या मुलीचं नाव वर एकदा आलेलं आहे. वाचकांना ते मागे न पाहता आठवत असेल, तर रिसोडला जाऊन इफ्राला सांगावं. ती अजून काउंटरवर आहे. आठवत नसेल तर आपलं स्वतःचं नाव आणि एक पासपोर्ट फोटो घेऊन जावं. दुसऱ्या आवृत्तीत जागा आहे.