हायडनच्या पंचेचाळिसाव्या सिंफनीने दाढ सर जाहल्याची हकिकत

श्रीमंत वाचकमहाराजांचे सेवेसी लेखकाचा दंडवत. आज्ञा जाहली की, दाताच्या दवाखान्यात वाद्यसंगीतावरून जो रणसंग्राम माजला, त्याचे साद्यंत वर्तमान लिहोन पाठवावे. त्यास जैसे घडले तैसे, पदरचे न घालता लिहितो. घातलेच असेल तर मजकूर शोभावा इतकेच.

दंतवैद्य डॉक्टरसाहेब मोठे पराक्रमी पुरुष. त्यांनी कैक दाढा जेर केल्या आणि कैक बत्तिशा वसविल्या. त्यांची थोरली बहीण, जिला लहानथोर ताई म्हणत, ती बाहेरील टेबलावर नंबर देण्याचे कामी मुखत्यार होती. डॉक्टरसाहेब खुर्चीपुरते राजे, आणि खुर्चीबाहेर ताईंचा अंमल, ऐसा बंदोबस्त असे.

ऐसे असता डॉक्टरसाहेबांस एकाएकी पाश्चात्त्य संगीताचा साक्षात्कार जाहला. हायडन नामे थोर रचनाकार दोन-अडीचशे वर्षांमागे होऊन गेला आणि त्याने शंभरावर सिंफन्या रचिल्या. पैकी नवशिक्यांनी कोणत्या सात ऐकाव्या त्याची यादी इंटरनेटावर होती, ती यांनी एके दुपारी वाचिली आणि संध्याकाळपावेतो तज्ज्ञ जाहले. मग दवाखान्यात स्पीकर बसविले, आणि यादी उतरोन तीस ‘डॉक्टरांची खास शिफारस’ ऐसा मथळा दिला, आणि गाल सुजलेल्या रयतेस तंतुवाद्यांचा पोत समजावू लागले. रयतेचे तोंडात कापूस, सबब प्रतिवाद कोणी केला नाही. हे मौन डॉक्टरसाहेबांनी रसिकता म्हणोन जमेस धरिले.

प्रथम झुंज चौऱ्याण्णवाव्या सिंफनीवर पडली. तीत दुसऱ्या भागी सूर मांजराच्या पावलांनी चालतात, आणि एकाएकी सारा वाद्यवृंद एक्या ठोक्याने गर्जतो. हे यादीत स्पष्ट लिहिले होते. परंतु डॉक्टरसाहेबांनी आकडे तेवढे वाचिले, खालचा मजकूर आपले योग्यतेस कमी म्हणोन सोडिला. खुर्चीत कुलपे दुरुस्त करणारे काका आ वासोन होते, आणि डॉक्टरसाहेबांची तर्जनी आत तपासास गेली होती, तोच वाद्यवृंद गर्जला. मग काकांचे जबड्यास कुलूप लागले, आणि डॉक्टरसाहेबांनी जो सूर लाविला तो हायडनासही सुचला नसता.

ताईंनी बोटास पट्टी बांधिली आणि फर्मान काढिले की, उद्यापासोन दवाखान्यात वाद्य वाजू नये. डॉक्टरसाहेबांनी रसिकतेची गळचेपी होते ऐसी तक्रार केली. त्यास ताईंनी, “गळचेपी नाही रे, बोटचेपी झाली,” इतकाच जबाब दिला आणि स्पीकरची वायर उपटोन आपले पर्सेत घातली.

पुढे आठ दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंची स्वारी दाखल जाहली. या बाईंनी नुसते पाहिले तरी सहाशे पोरे जागचे जागी थिजत. परंतु उजवी दाढ तीन वर्षे किडली असता त्यांनी तीस पाठ दाखविली होती, आणि आता गाल टम्म फुगला, दोन दिवस अन्न नाही, आणि तरी खुर्ची दिसताच दोन वेळा दारापावेतो माघार जाहली. डॉक्टरसाहेबांनी अभय दिले की, पाच मिनिटांचे काम.

तेव्हा बाई भरल्या डोळ्यांनी बोलल्या, “पाच म्हणजे किती, ते नक्की सांगा. मागच्या डॉक्टरांनी पाच म्हणून पाऊण तास घेतला. दुखण्याला मी भीत नाही हो. कधी संपणार ते कळत नाही, त्याची भीती वाटते.”

यावर डॉक्टरसाहेबांनी ‘पाचच’ म्हणोन पुन्हा तीच तोफ डागिली. परंतु ताई, ज्यांनी टेबलापाशी बसोन त्या सातही सिंफन्या पन्नास-पन्नास वेळ सोसल्या होत्या आणि यादीचा खालचा मजकूरही वाचिला होता, किंचित विचार करोन उठल्या आणि पर्सेतील वायर काढोन म्हणाल्या, “पंचेचाळीस नंबर लाव. शेवटचा भाग.”

डॉक्टरसाहेब म्हणाले, “अगं, ती खराब आहे. शेवटी आवाजच जातो. मी दोनदा स्पीकर दुरुस्त करून आणला.”

“आवाज जात नाही रे शहाण्या, वाजवणारे जातात! एकेक वाद्य आपलं वाजवून थांबतं. शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात. बाई, मी सांगत जाईन कोण गेलं ते. दोन उरली की संपलं. चालेल?”

बाईंनी खुर्चीत बसोन ताईंचा हात धरिला. मग सुईने हिरडी बधिर केली, आणि वादन सुरू जाहले, आणि ताई वाद्ये मोजीत राहिल्या, आणि डॉक्टरसाहेबांनी चिमटा घेऊन चाल केली.

“ओबोची पिपाणी गेली... बासूनचा भोंगा गेला...” ताईंनी वर्तमान दिले. दाढ हलेना. तिची मुळे तीन, आणि तिन्ही हट्टी. मग जाड्या आवाजाचा मोठा व्हायोलिनभाऊ गेला, मग त्याचे धाकटे भाऊ चेलो गेले, आणि डॉक्टरसाहेबांचे कपाळी घाम आला. ताईंनी भावाकडे जैसे पाहिले, तैसे लहानपणी बरणी फुटली तेव्हा पाहिले होते. “दोनच राहिलेत रे,” त्या हळू बोलल्या. बाईंची बोटे ताईंचे हातात रुतली, परंतु बाई हलल्या नाहीत.

तोच दाढ कट्कन बाहेर आली.

दोन व्हायोलिने अद्याप वाजत होती. डॉक्टरसाहेब चिमट्यात दाढ धरोन, ताई हात धरोन, बाई डोळे मिटोन, तिघे ते संपेपावेतो उगे राहिले. कोणीही पोताविषयी बोलले नाही.

येणेप्रमाणे उजवी दाढ बुधवारी, चौथे प्रहरी, समूळ फत्ते जाहली. बाईंस बोलावयास मनाई, सबब त्यांनी कागद मागोन स्वदस्तुरे अभिप्राय लिहिला, तो अस्सलबरहुकूम दफ्तरी नोंदिला असे:

“संगीत: उत्तम. ताई: अत्युत्तम. डॉक्टर: प्रयत्न करतात.”