प्रवेशिका परत मिळणार नाही

"एक वर्ष! फक्त एक वर्ष दे मला!" प्यो दोंगसोकनं बायकोला छातीठोकपणे सांगितलं. "पुढच्या डिसेंबरात वर्तमानपत्राची कथास्पर्धा जिंकून दाखवतो. नाही जिंकलो, तर मुकाट्यानं परत त्याच कंपनीत जाईन आणि त्याच साहेबापुढं कमरेत वाकेन!"

येजिननं हो म्हटलं. दोंगसोकनं विमा कंपनीतली चांगली चालती नोकरी सोडली, नवी खुर्ची आणली, आणि लेखक झाला. निदान त्याला तरी तसं वाटलं.

लेखक कसलं डोंबल! दिवसाढवळ्या घरात दिसणारा माणूस रिकामटेकडाच असतो, हे अख्ख्या सोल शहरानं एकमतानं ठरवून टाकलेलं आहे. इमारतीतली सगळी पार्सलं त्याच्या दारात येऊन पडायला लागली. सातव्या मजल्यावरच्या बाई खुशाल कुत्रं आणून सोडायच्या. वर म्हणायच्या, "तुम्हाला काय, तुम्ही घरीच असता!" कथेतल्या नायकानं मार्चमध्ये नायिकेचा हात धरायला म्हणून हात पुढं केला, तो जूनपर्यंत तसाच पुढं! प्रत्येक वेळी नेमकी दारावरची बेल वाजायची. शेवटी वैतागून त्यानं नायिकाच काढून टाकली आणि तिच्या जागी एक खाष्ट सासू घातली. मग मात्र कथा सुसाट सुटली. साहजिकच आहे, समोर नमुना होता ना!

नोव्हेंबर संपता संपता कथा पुरी झाली, आणि नमुन्याचा फोन आला.

"जावईबापू, कोबी आलाय. दीडशे गड्डे. या!"

"आई, मला कथा पाठवायचीय हो. बुधवारी मुदत संपते."

"कोबीची त्याच्या आधी संपते! आणि तुम्ही तर घरीच असता."

झालं! शनिवारी सकाळी दोंगसोक यांगप्योंगजवळच्या गावात, सासूबाईंच्या अंगणात, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला बसला. कथा सोबत आणली होती, म्हटलं इथूनच पाठवू. दोन दिवस कोबीच्या पानापानात लसूण, तिखट आणि खारवलेली कोळंबी भरून कंबरेचा पार काटा ढिला झाला. रविवारी रात्री येजिन आपली कामासाठी सोलला परत गेली. दोंगसोकला मात्र सासूबाईंनी ठेवून घेतलं. टोपं कोण घासणार?

सोमवारी नातेवाइकांना किमची पाठवायची होती. थर्माकोलचे खोके ओळीनं मांडले. दोंगसोकनं आपलं कथेचं पाकीट काढलं, तशा सासूबाई ओरडल्या, "अहो, ते पाकीट कुरिअरच्या गाडीत भिजेल! या दिवसांत सगळ्यांचीच किमची ठिबकत असते. खोक्यात घाला. आणि तुम्ही लेखक ना? मग सगळे पत्तेही तुम्हीच लिहा!"

त्यानं पत्ते लिहिले. एकावर ठळक अक्षरांत 'कथास्पर्धेसाठी' असंही लिहिलं. आणि ते चिकटवताना डोक्यात एकच घोळ चालला होता: कथेच्या शेवटी बर्फ पडू द्यावा की नको? पडला तर जास्त परिणाम होईल का? तेवढ्यात गाडी आली, खोके गेले.

बुधवारी सकाळी सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा, मोक्पोच्या मावशींचा फोन आला. सासूबाईंचे हात पिठात, म्हणून दोंगसोकनंच स्पीकर लावला.

"ताई, किमची कुठाय गं? खोक्यात नुसते कागद! पण वाचले हं मी. काय झकास लिहिलंय! त्यात एक म्हातारी आहे, जावयाला दिवसभर राबवते आणि वर म्हणते, तुम्ही तर घरीच असता. अगं, हुबेहूब तू!"

सासूबाईंनी दोंगसोककडं बघितलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. कथा मोक्पोला, म्हणजे किमची...

"वर्तमानपत्रात!" तो किंचाळला. "आई, माझं वर्ष गेलं! आज पाचला मुदत संपते!"

"माझी किमची परक्यांच्या घरात?" सासूबाई ताडकन उठल्या. "चला! कथेचं मी नंतर बघते."

वाटेत एका दुकानात कथा पुन्हा छापून घेतली, आणि साडेचारला दोघं धापा टाकत कचेरीत पोचले. साहित्य विभाग शोधावा लागला नाही, लसणाचा वास दारापर्यंत आला होता. आत चौघंजण खोक्याभोवती बसून कागदी वाट्यांतून नूडल्स ओरपत होते. स्पर्धेचं काम बघणाऱ्या बांगबाई तोंड पुसत पुढं आल्या.

"प्रवेशिका परत मिळणार नाही. नियम आहे."

"बाई, ती प्रवेशिका नाही, किमची आहे!"

"खोक्यावर 'कथास्पर्धेसाठी' असं लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच! पण कथा ही माझ्या हातात आहे. ही घ्या!"

"एका स्पर्धकाची एकच प्रवेशिका. तुमची आलीय."

"अहो, तुम्ही ती खाल्लीत!"

"परीक्षण केलं," कोपऱ्यातला एकजण भरल्या तोंडानं म्हणाला.

दोंगसोक रडकुंडीला आला. आता सासूबाई काय ते बघून घेतील, या आशेनं त्यानं मागं पाहिलं. सासूबाई कंबरेवर हात ठेवून त्या चौघांना न्याहाळत होत्या.

"भात नाही का रे तुमच्याकडं? ही किमची असल्या नूडल्सबरोबर खातात? आणि आज उघडलीत कशाला? अजून मुरली तरी आहे का! कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

आणि त्या बसल्याच! कोळंबी कुठली, मीठ किती, लसूण कसा ठेचायचा, आणि घरी बसलेल्या जावयाकडून हे सगळं कसं करून घ्यायचं! चौघं पोट धरून हसत होते. बांगबाई भराभर टिपून घेत होत्या. पाच कधी वाजले, कुणाला कळलंच नाही. दोंगसोकला सोडून.

"आजी," बांगबाई म्हणाल्या, "दर शनिवारी आमच्यासाठी लिहाल का हो?"

"मला कुठला वेळ! जावईबापू लिहितील. ते घरीच असतात."

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कुणा दुसऱ्याचीच कथा छापून आली. त्या आठवड्यातल्या शनिवारी सासूबाईंचा फोटो आला. खाली मजकूर, आणि त्याच्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'शब्दांकन: प्यो दोंगसोक'.

"वर्ष संपलं," दोंगसोक पडेल आवाजात म्हणाला. "कंपनीत विचारून येतो."

"कशाला?" येजिन हसून लोळत होती. "लागलीय की तुला नोकरी!"

पुढच्या लेखाच्या शेवटी त्यानं हळूच अंगणातल्या कोबीवर बर्फ पाडला. एक तरी ओळ आपली असावी, एवढंच. फोनवर वाचून दाखवत तो तिथंपर्यंत आला आणि पलीकडची भांड्यांची खडखड थांबली. आवडलं बहुतेक, असं त्याला वाटलं.

"बर्फानं कोबी जातो, जावईबापू," नवा साहेब म्हणाला. "काढून टाका ते."

दोंगसोकनं मुकाट्यानं काढून टाकलं.